ज्याला काहीच खूण नाही

४ नोव्हेंबर, मंगळवार

पत्र आलं. हिच्या नावाचं!

पोस्टमन म्हणाला, "बाईंची सही लागेल." मी म्हटलं, "त्या आत आहेत, कामात आहेत, मीच करतो." आणि केलीही. दार लावल्यावर लक्षात आलं. सव्वाचार महिने झाले तिला जाऊन, आणि मी परक्या माणसाला सांगतो — आत आहेत!

पक्षीमंडळाचं पत्र आहे. घरामागच्या बागांत येणारे पक्षी नोंदवणाऱ्यांचं मंडळ. ही अकरा वर्षं त्यांना दर महिन्याला कार्डं पाठवायची. कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठला पक्षी. पाकीट पोस्टात टाकायचं काम माझं. तेवढंच माझं.

तीनदा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा. अकरा वर्षांच्या नोंदींचं पुस्तक छापणार आहेत. त्यात पहिल्या पानावर हिचं नाव! एवढ्या वर्षांत एक महिना चुकला नाही म्हणून. वाचताना ऊर भरून आला. मग खाली "परंतु". शिकलेल्या लोकांच्या पत्रात खरी गोष्ट परंतुच्या पुढे असते.

तर परंतु असं, की अठ्ठावीस एप्रिल ते एकोणीस जून या काळात हिने चौदा वेळा पर्णवटवट्या लिहिला आहे. तो त्या दिवसांत दिसणं शक्य वाटत नाही. शिवाय नोंदवलेली वागणूकही त्या पक्ष्याची नाही. दिसायला सारख्या दुसऱ्या एखाद्या पक्ष्याशी गल्लत झाली असेल का, ते महिनाअखेरीपर्यंत कळवावं. नाहीतर त्या काळातली सगळीच कार्डं बाजूला ठेवावी लागतील. जूननंतर कार्डं आली नाहीत, तब्येत बरी असेल अशी आशा.

चौदा. मला माहीत आहेत ते चौदा.

ताट तसंच झाकून ठेवलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

इथे कोण वाचणार आहे! लिहून टाकतो.

ते चौदा पक्षी मी दिले. हिने नाही बघितले. मीसुद्धा नाही बघितले.

मार्चपासून ही खाटेवरच. ऑक्सिजनच्या मशीनला दणकट प्लग पुढच्या खोलीतच, म्हणून खाट तिकडे हलवली. त्या खोलीची खिडकी रस्त्याकडे. बाग मागे. मधे भिंत, बोळ, मग मागचं दार. अकरा वर्षं जी बाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून कपातला चहा गार करायची, तिला एकदम बाग बंद झाली. मग ती मला म्हणायची, "अहो, बघून या ना, कोण आलंय."

मी जायचो. यायचो. मग उलटतपासणी! "डोक्यावर विटकरी टोपी होती का?" "शेपटी उभी का लोंबती?" "डोळ्यावर भुवई?" वकिलीण झाली असती. मी म्हणायचो, "अगं, वीतभर पण नाही तो जीव, त्याच्या भुवया कुठे बघू?" मग हसायची, आणि हसली की खोकला. म्हणून मग विनोद करणंही सोडलं.

चूक पकडली जाऊ नये म्हणून मी एक युक्ती काढली. तिनेच एकदा सांगितलं होतं, की पर्णवटवट्या सगळ्यांत अवघड. "इतरांना काहीतरी असतं. टोपी, चष्मा, पट्टा. ज्याला काहीच खूण नाही, तो हा समजा." झालं! काही बघितलं नसलं की मी म्हणायचो, पर्णवटवट्या. त्यावर विचारणार काय? टोपी नाही, चष्मा नाही, पट्टा नाही.

"किती?" "एक." "बरं," म्हणायची. छातीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कार्ड, पेन्सिलने बारीक लिहायची. बराच वेळ लिहायची. मी कधी वाचलं नाही. मीच सांगितलेलं, मीच काय वाचू?

आता माझ्या थापांपायी तिची सगळी कार्डं बाजूला. पहिल्या पानावरून नाव जाणार. अकरा वर्षं खोटं लिहिलं नाही तिने. सहावी पास माणसाशी संसार केला, त्याची ही फळं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ठरवलं — शिकायचं. चौदांच्या जागी दुसरा कुठला तरी, उन्हाळ्यात असणारा, तसाच दिसणारा पक्षी सांगता आला तर कार्डं वाचतील. हिची दुर्बीण काढली. पट्टा मानेला काचतो. सकाळी साडेसहापासून मागे उभा. लिंबाच्या झाडात दोन जीव आले. दोन्ही मातकट. दोन्ही माझ्याकडे पाठ करून. दुर्बीण लावेपर्यंत नुसती पानं हलत होती.

कुंपणापलीकडून शेजारचा न्हावी ओरडला, "आजोबा, दुर्बीण कुणाच्या खिडकीवर?"

"पक्षी ओळखतोय."

"या वयात? मला तर सगळे सारखेच दिसतात."

"मग तुझ्या दुकानातली डोकी पण तुला सारखीच दिसत असतील!"

"छे! पण एक सांगतो, तोंडावरून नाही मी ओळखत. आरशात तोंड बघायला वेळ कुणाला आहे? मान आणि पाठ. तुम्ही रस्त्याने चाललात तर मागून शंभर पावलांवरून सांगेन, आजोबा चाललेत, आणि आज गुडघा दुखतोय."

खरंच दुखत होता.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज हिचं पक्ष्यांचं पुस्तक उघडलं. जूनपासून हात लावला नव्हता. पर्णवटवट्याचं पान बोटांनी मऊ पडलेलं.

लहान. वरून हिरवट मातकट, खालून मळकट पांढरा. डोळ्यावर फिकट भुवई. शेपटी आखूड. शेजारी शिंपी — टोपी विटकरी, शेपटी ताठ. त्याच्याशेजारी वटवट्या — शेपटी लांब, सैल, उसनी आणून चिकटवल्यासारखी. चित्रात तिघे ओळीत बसलेत, फोटोला बसावं तसे. बागेत कोण असं बसतं?

मग शेवटची ओळ. थंडीचा पाहुणा. ऊन तापू लागलं की उत्तरेला निघून जातो. एप्रिल अर्धा सरला की एकही उरत नाही.

त्या ओळीखाली हिने पेन्सिलने रेघ मारली आहे. जुनी रेघ. पुसट झालेली.

पुस्तक मिटलं. परत उघडलं. ओळ तिथेच!

म्हणजे तिला माहीत होतं. मे महिन्यात, जूनमध्ये, भर उन्हात मी तिला चौदा वेळा सांगितलं पर्णवटवट्या आला, आणि तिने "बरं" म्हणून लिहून घेतलं. जी बाई एका भुवईसाठी मला तीनदा मागे पिटाळायची!

का लिहिलं?

९ नोव्हेंबर, रविवार

मुलगा येऊन गेला. महिन्याचं औषध आणि ब्रेड घेऊन. सूनबाईंना सर्दी आहे म्हणून आल्या नाहीत.

पत्र दाखवलं. म्हणाला, "एवढं काय घेऊन बसलात बाबा? कळवून टाका, आई गेली म्हणून."

मी म्हटलं, "पण तिला माहीत असून तिने का लिहिलं?"

"तेव्हा आईला भान कुठे होतं? औषधंच तशी होती. डॉक्टरांनी मला मे महिन्यातच सांगितलं होतं, आता बोलण्यात मेळ राहणार नाही, मनाला लावून घेऊ नका."

"मला नाही सांगितलं."

"तुम्हाला सांगून तुम्ही झोपला असतात का?"

चहा पिऊन गेला. चांगला मुलगा आहे. सहज बोलला. त्याला काय माहीत, त्याने माझ्याकडून काय काढून नेलं.

बावीस जून, रविवार, दुपारी चारच्या सुमारास. मी तिची उशी सरळ करत होतो. तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून निभावलं." इतकं स्वच्छ! मधे दम लागला नाही. पंचवीसला गेली. त्यानंतर नीट असं काही बोलली नाही.

त्या एका वाक्यावर मी सव्वाचार महिने उभा आहे. सकाळी उठतो, दाढी करतो, गॅसचं बटण दोनदा बघतो — त्याच्या जोरावर. कुणाला सांगितलेलं नाही. मुलालासुद्धा नाही.

आणि मे महिन्यापासून तिला भान नव्हतं? मग ते वाक्य कुणाचं? औषधाचं?

१० नोव्हेंबर, सोमवार

आठवून आठवून खुणा मांडतोय. भान गेल्याच्या.

एक, मे महिन्यात पर्णवटवट्या. दोन, नर्सला एकदा "ताई, तू कधी आलीस?" म्हणाली. तिची बहीण जाऊन वीस वर्षं झाली. तीन, कपाटाचं दार.

ते दार फार झालं होतं. खाटेसमोर आरशाचं कपाट. मी दार लावून घ्यायचो, उघडं राहिलं की झुरळं शिरतात. ही म्हणायची, "उघडा." मी अर्धं उघडायचो. "एवढं नाही. थोडं लोटा. अजून थोडं. हां, बस." दिवसातून चार वेळा! मी विचारलं, "काय हवंय कपाटातलं?" तर म्हणे, "काही नको. असू दे असंच." तेव्हा मी चिडलोही एकदा. लुगडी खराब होतील म्हटलं. ती म्हणाली, "मला कुठे नेसायचीत?"

तीन खुणा. आमच्या कारखान्यात तीन दोष म्हणजे माल भंगारात.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तेहेतीस वर्षं मी स्क्रू तपासले. दिसायला अगदी सारखे, आटे वेगळे. डोळ्याला कळत नाही, गेजला कळतं. गेजमध्ये फिरला तर पास, अडला तर नापास. दोन ट्रे. मधला ट्रे नाही. मला ते काम आवडायचं. घरी येऊन हिला म्हणायचो, माणसांना असा गेज हवा होता. ती म्हणायची, "मग आपलं लग्न झालं नसतं."

पक्षी गेजला बसत नाहीत. पण शिकलो थोडं. शिंपी आता येतो ओळखता. आधी आवाज, मग ताठ शेपटी, टोपी सगळ्यांत शेवटी. वटवट्याला घाई नाही, शेपटी इकडेतिकडे टाकत फिरतो. दोघेही बारमाही. मंडळाला लिहिता येईल, की बाईंनी वटवट्याला पर्णवटवट्या समजलं.

लिहायला घेतलं. "बाईंची चूक झाली" इथवर लिहिलं. मग फाडलं.

तिच्या माथी चूक मारायची? माझी?

१५ नोव्हेंबर, शनिवार

आला!

सात वाजून दहा मिनिटं. लिंबाच्या झाडात, वरच्या अंगाला. आधी वाटलं शिंपी, पण टोपी नाही. शेपटी बघितली — आखूड, खाली. वटवट्या नाही. थांबायला तयार नाही! या पानाखालून त्या पानावर, पंख फडकावून परत. दुर्बिणीत मावतच नव्हता. मी श्वास धरला. एकदा, फक्त एकदाच, तोंड वळवलं आणि भुवई! फिकट, लांब, पेन्सिलने काढल्यासारखी.

ज्याला काहीच खूण नाही म्हणायची, त्याला ती बारीक भुवई आहे. बघणाऱ्याला दिसते. मी जन्मात पहिल्यांदा पर्णवटवट्या बघितला.

आणि मी धावलो. गुडघ्यासकट! मागच्या दारातून, बोळातून, पुढच्या खोलीत, "अगं, आला, खरा आला, भुवई —"

खाट. घडी करून ठेवलेली चादर.

 शेवटी कपाटाचं दार नीट लागलंय का बघितलं आणि बाहेर आलो.

१६ नोव्हेंबर, रविवार

पाच तारखेला अर्धंच लिहिलं होतं. उरलेलं लिहितो.

मी मागे जाऊन पक्षी ओळखू शकलो नाही, असं नाही. त्या चौदा दिवशी मी बघितलंच नाही.

तिचा श्वास ऐकवत नव्हता. मशीनचा आवाज एक आणि त्याखाली तिचा. ताल चुकत चाललेला. मी खोलीत बसलो की मोजायला लागायचो. मग पाय आपोआप उठायचे. "बघून येतो कोण आलंय," म्हणायचो. तिला वाटायचं तिच्या पक्ष्यांसाठी जातोय. मी मागच्या पायरीवर जाऊन बसायचो. खांद्यावरचा टॉवेल तोंडात धरायचो आणि रडायचो. समोर कुंपण, लिंबाचं झाड, त्यात सगळी दुनिया चिवचिवत असेल, मी मान वर केली नाही. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. एकदा अर्धा तास. मग नळावर तोंड धुवायचं, आत जायचं.

"कोण होतं?"

"पर्णवटवट्या."

"किती?"

"एक."

तिला दिवसागणिक श्वास मोजून मिळत होते आणि मी त्यातले अर्धे अर्धे तास तिला एकटीला ठेवलं. पळपुटा. तिला भान होतं असं धरलं, तर तिला कळलं असणार की हा काही बघत नाही, हा नुसता पळून जातो. मग "तुम्ही होतात" कसं म्हणेल? आणि भान नव्हतं असं धरलं, तर ते वाक्यच बाद.

दोन्ही ट्रे बघितले. वाक्य कुठल्याच ट्रेमध्ये बसत नाही.

१७ नोव्हेंबर

भाजी करपली. न्हावी विचारून गेला, घर जळतंय का.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पत्र टाकलं. पाचव्या खेपेला जमलं. "बाई पंचवीस जूनला वारल्या. त्या चौदा नोंदी मी तोंडी सांगितल्या होत्या. मी पक्षी बघितले नव्हते. चूक माझी आहे. बाकीची कार्डं बाद करू नयेत, ही विनंती." खाली माझी सही. वारल्या हा शब्द पहिल्यांदा लिहिला.

पेटीत टाकल्यावर झाकण हलवून बघितलं, आत पडलं की अडकलं. दोनदा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मंडळातून फोन. बाईमाणूस. कार्डं तपासते ती. आवाज तरुण.  म्हणाली, "काका, मी काकूंना कधी भेटले नाही, पण सात वर्षं त्यांचं अक्षर वाचतेय."   दोन माणसं फोन कानाला लावून नुसती उभी!

सोमवारी येते म्हणाली. कार्डं घेऊन.

मी म्हटलं, "या. पण मला त्यातलं काही कळत नाही."

२४ नोव्हेंबर, सोमवार

तपासणीवाली बाई आली. तिशीची असेल. बूट बाहेर काढले, पिशवी मांडीवर धरून बसली, परीक्षेला बसल्यासारखी. चहात साखर घालायला विसरलो. ती तसाच प्यायली. अर्धा झाल्यावर माझ्या लक्षात आलं. म्हणाली, "असू दे काका, मी कमीच घेते." खोटं. तोंड सांगत होतं.

आधी बाग बघायला मागितली. लिंबाच्या झाडाशी थांबली. पाच मिनिटांत सात पक्षी सांगितले, मान न हलवता! मी म्हटलं, "पर्णवटवट्या पंधरा तारखेला आलाय. सात दहाला." तिने वळून बघितलं. "भुवई बघितलीत?" मी म्हटलं, "बघितली." म्हणाली, "मग लिहा ना कार्ड." 

आत आल्यावर धीर करून विचारलंच. "अक्षर बघून सांगता येतं का हो, माणूस भानावर होता की नव्हता?"

तिने कार्डं स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली. मार्च, एप्रिल, मे, जून. "तुम्हीच बघा."

हिचं अक्षर. बारीक, जरा उतरतं. जूनमध्ये लंगडतंय, पण ओळ सोडलेली नाही.

"भानाचं विचारताय," ती म्हणाली, "तर हे ऐका. सहा मे. शिंपी, दोन, लिंबाच्या झाडात, पिल्लांना भरवताना. अकरा मे. वटवट्या, कुंपणावर, चोचीत कापूस. सगळं बरोबर आहे. वेळ, ऋतू, वागणं. आमच्याकडे धडधाकट माणसं एवढं नेमकं लिहीत नाहीत. तुम्ही सांगायचात ना त्यांना हे?"

मी सांगायचो? पिल्लं? कापूस? मी जन्मात नाही सांगितलं!

"मग फक्त ते चौदाच कसे चुकले, ते आम्हाला कळेना," ती म्हणाली. "आणि त्यांची वागणूक! पर्णवटवट्या दोन सेकंद एका जागी थांबत नाही काका. जमिनीवर तर सहसा उतरतच नाही. आणि काकूंनी लिहिलंय —"

तिने कार्ड माझ्यापुढे सरकवलं. शेवटचा रकाना आहे, "काय करत होता". मी आजवर तो रकाना बघितला नव्हता. चष्मा लावला.

अठ्ठावीस एप्रिल. पर्णवटवट्या, एक. *पायरीवर बसून होता. पाठ इकडे.*

सात मे. एक. *पायरीवर. बराच वेळ हलला नाही.*

एकवीस मे. एक. *पायरीवर. आज अर्धा तास. शर्ट उसवलाय, सांगायला हवं.*

"हा शर्ट आम्हाला कळलाच नाही," बाई म्हणाली. "आम्हाला वाटलं दुसऱ्या कशाचं इथे लिहिलं गेलं."

एकोणीस जून. शेवटची. अक्षर फार हललेलं. *पायरीवर. एक. आहे.*

एवढंच. "आहे."

बाईने विचारलं, "काका, हा कुठला पक्षी होता?"

मी म्हटलं, "पक्षी नव्हता. चौदाही खोडा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पायरीकडे बघितलं. शिकलेली मुलगी. ओळखलं तिने. तिच्या वहीत चौदा ओळी खोडल्या, बाकीची कार्डं जशीच्या तशी धरली. नाव पहिल्या पानावर राहणार आहे. जाताना ती कार्डं माझ्याकडे ठेवून गेली आणि एक कोरं कार्ड.

खाटेवरून पायरी दिसत नाही. मधे भिंत आहे. मी स्वतः उभं राहून बघितलं. मग तिला दिसलं कसं?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज पहिल्यांदा तिच्या खाटेवर आडवा झालो. समोर कपाट. उठून आरशाचं दार उघडलं. एवढं नाही. थोडं लोटलं. अजून थोडं. हां, बस.

उशीवर डोकं टेकलं.

आरशात बोळ. बोळाच्या टोकाला मागचं दार. दारात पायरी, तिच्यापुढे कुंपण, लिंबाचं झाड. सगळं दिसतं.

तुम्ही होतात म्हणून, म्हणाली होती.